‘किती वर्षे झाली?’ : मधुमेहाच्या दूरस्थ भयाचा इतिहास

खुर्सीपारमध्ये निवृत्त कामगार संध्याकाळी कट्ट्यावर जमले, की एकमेकांना वय विचारीत नाहीत. ‘कितने साल हो गए?’ असे विचारतात. नवख्या माणसाला हा प्रश्न नोकरीसंबंधीचा वाटेल, किंवा या वस्तीत येऊन किती काळ लोटला याची ती चौकशी आहे, असे वाटेल. प्रश्न साखरेचा असतो. लघवीत किंवा रक्तात साखर निघाल्याला किती वर्षे झाली, एवढेच विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते. उत्तर ‘चार’ असेल तर गप्पा पुढे सरकतात. उत्तर ‘अठरा’ असेल तर विचारणाऱ्याची नजर क्षणभर समोरच्याच्या पायांकडे जाते. प्रस्तुत लेखकाने ही नजर लहानपणापासून पाहिली आहे, आणि आता तिचा विषयही तो झाला आहे.

रोगाची भीती माणसाला असतेच. तिच्यात इतिहासाने लक्ष घालावे असे सकृद्दर्शनी काही नाही. पण हे भय निराळ्या जातीचे आहे. आज काही दुखत नाही, कामावर जाता येते, जेवण गोड लागते. आणि तरीही पंधरा-वीस वर्षांनी डोळे जातील, मूत्रपिंडे थकतील, पाय काढावा लागेल, या चिंतेत माणूस जगतो. भविष्याच्या अशा मुदतबंद भीतीला मानवी अनुभवात फार जुनी परंपरा नाही. ती केव्हा जन्मली, कोणत्या ज्ञानातून आणि कोणत्या अज्ञानातून वाढली, आणि ज्ञान बदलल्यावरही ती जुन्याच रूपात का राहिली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत या उत्तरकालीन परिणामांना आज ‘गुंतागुंत’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी वैद्यकाच्या सावलीत घडलेला आहे आणि तो फारसा समर्पक नाही. आपल्या जुन्या वैद्यकाचा शब्द ‘उपद्रव’. मूळ व्याधीच्या पाठीमागून येणारा, तिच्याच आश्रयाने वाढणारा दुसरा व्याधी, असा त्याचा शास्त्रार्थ. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि त्याच्या उपद्रवांत तहान, ज्वर, दाह, दौर्बल्य यांच्याबरोबर मांस कुजविणाऱ्या पिडका आणि विद्रधी यांची गणना केली आहे. सुश्रुताने या पिडकांचे दहा प्रकार मोजले. शरीराच्या कोणत्या भागी आलेली पिडका असाध्य समजावी, हेही त्याने नोंदविले. उपेक्षा झाली तर सर्वच प्रमेह कालांतराने मधुमेहात परिणत होतात आणि असाध्य ठरतात, असे त्याचे मत आहे. या ‘कालांतराने’ या शब्दात आपल्या विषयाचे बीज आहे. मात्र जुन्या वैद्याच्या लेखी उपद्रव हा रोग्याच्या अंगावर दिसणारा, आज हाताळायचा प्रसंग होता. वीस वर्षांनंतरच्या उपद्रवाची वाट पाहत बसणारा निरोगी दिसणारा रोगी त्याच्या चिकित्सालयात क्वचितच येत असावा.

सुश्रुताचे रोग्याचे निरीक्षण मोठे सूक्ष्म आहे. चालण्यापेक्षा उभे राहणे, उभे राहण्यापेक्षा बसणे, बसण्यापेक्षा पडणे आणि पडण्यापेक्षा झोपणे या माणसाला बरे वाटते, अशी उतरत्या पायऱ्यांची जी नोंद त्याने केली आहे, ती वाचताना मला माझ्या वडिलांची अखेरची वर्षे आठवतात. उपचारातही त्याने रोग्याच्या सांपत्तिक स्थितीचा विचार केला आहे. धनहीन आणि निराधार रोग्याने मुनीसारखे संयमाने राहावे, भिक्षेवर निर्वाह करावा, एका गावी एकच रात्र काढावी आणि शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. नाही तर विहीर खणावी. श्रमाचा हा उपदेश आजच्या डॉक्टरलाही मान्य होईल. त्यातले एकच विशेषण मात्र त्याला घाबरवील: हे चालणे पादत्राणाविना आणि छत्रीविना करायचे आहे. या अनवाणी पायांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आठ महागदांच्या यादीत प्रमेह आणि कुष्ठ हे दोन्ही आहेत. चरकाच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचा अध्याय सहावा आणि कुष्ठाचा सातवा आहे. ग्रंथातला हा शेजार रचनेचा भाग असेल, त्यातून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण विसाव्या शतकात हे दोन रोग पुन्हा एकमेकांशेजारी आले, तेव्हा त्या भेटीने कित्येकांचे पाय वाचविले.

प्रमेहात पथ्य म्हणून चरकाने यव, म्हणजे आपले सातू, प्रमुख अन्न ठरविले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मराठी माणसाने ते जवळजवळ अक्षरशः पाळले. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. मधुमेह त्यांच्यासोबत होता. तुरुंगातल्या त्यांच्या आहारासंबंधी जे लिहिले गेले आहे, त्यात गहू-तांदूळ दूर ठेवून सातूच्या पिठावर राहण्याचा भाग येतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात याच आहारावर, शिसपेन्सिलीने, ‘गीतारहस्या’चा मसुदा लिहून झाला. मराठी चरित्रवाङ्मयात या ग्रंथलेखनाचे वर्णन विपुल आहे. सातूचे वर्णन एखाद्या वाक्यापुरते आहे. आपल्या चरित्रकारांना देहाचा संकोच वाटतो. क्षयाला मराठी कादंबरीत एक करुण प्रतिष्ठा मिळाली, कर्करोगालाही मिळाली. मधुमेह मात्र चरित्रात दुय्यम वाक्यात येतो आणि आत्मचरित्रात बहुधा येतच नाही.

टिळकांच्या काळी औषध नव्हते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य लांबवीत होता. मुले तर काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत, बेशुद्धीच्या अवस्थेत जात. प्रौढ वयात सावकाश येणाऱ्या प्रकारात माणसे वर्षानुवर्षे जगत. पायाचे गँग्रीन आणि मोतीबिंदू त्यांच्यात दिसतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना ठाऊक होते. तरीही या रोगाचे मुख्य भय मरणाचे होते, आणि ते जवळचे होते. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा तो अर्क वेगळा काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले.

इन्सुलिनने मरण दूर सारले. त्या मोकळ्या झालेल्या जागेत दूरचे भय आले. हे विधान विरोधाभासासाठी केलेले नाही, ते कालक्रमानेच सिद्ध होते. पूर्वी जी मुले वाचत नसत ती वाढली, त्यांनी शिक्षण घेतले, लग्ने केली. आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव दिसू लागले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेही मूत्रपिंडातील गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. इन्सुलिननंतर चौदा वर्षांनी. बॉस्टनला इलियट जॉसलिन यांनी आयुष्यभर मधुमेहींच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या संस्थेने रोगासह दीर्घकाळ जगणाऱ्यांना पदके देण्याची प्रथा पाडली. १९७० पासून पन्नास वर्षांचेही पदक देण्यात येऊ लागले. खुर्सीपारच्या कट्ट्यावरचा प्रश्न आणि बॉस्टनचे ते पदक यांच्यामागे एकच मोजदाद आहे. इंग्लंडमध्ये स्वतः मधुमेही असलेले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स आणि तसेच मधुमेही असलेले कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये मधुमेहींचा संघ काढला. आपल्याकडे डॉ. एस. एस. आजगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली.

पण या सर्व काळात एका मूलभूत प्रश्नाला उत्तर नव्हते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवली तर हे परिणाम टळतात काय? जॉसलिन ‘होय’ म्हणत आणि कडक शिस्त सांगत. दुसरे तितकेच जाणते डॉक्टर म्हणत, की डोळे आणि मूत्रपिंडे यांचा बिघाड हा या रोगाचाच स्वतंत्र, कदाचित आनुवंशिक, भाग आहे; साखर सांभाळून तो थांबेल याला पुरावा नाही. इन्सुलिन आल्यापासून पुढली सत्तर वर्षे मधुमेही माणूस या दोन मतांच्या मध्ये जगला. परिणाम ठाऊक, काळही साधारण ठाऊक, उपाय अनिश्चित. भय दैवाच्या रूपात घट्ट होण्यास याहून अनुकूल परिस्थिती कोणती?

याच सत्तर वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजारपण येते. १९४८ च्या आरंभी मधुमेहाने आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला आणि ४ नोव्हेंबरला त्यांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. पुढे पाय अधिक निकामी झाले, दृष्टी मंदावली. सविता आंबेडकरांच्या ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या १९९० मधल्या आठवणींचे महत्त्व, त्यांच्याभोवतीचे वाद क्षणभर बाजूला ठेवले, तर मला यात दिसते, की मराठीत एका थोर पुरुषाचे पथ्य, औषधे, रात्रीच्या वेदना आणि आधाराने टाकलेली पावले इतक्या जवळून प्रथमच लिहिली गेली. अखेरच्या वर्षांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुरा करण्याची त्यांची घाई सर्वश्रुत आहे. ग्रंथाबरोबर त्या वेळी छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख करून पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मान्य केले आहे. ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे ते झोपेतच गेले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. त्यांच्या मृत्यूचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. आपल्याजवळ उरलेला काळ शरीर मोजीत आहे ही जाणीव त्या घाईत होती, एवढेच मी म्हणेन.

माझ्या वडिलांनी त्यांना १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत पाहिले होते. त्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. वडील सभेची हकीगत सांगत तेव्हा भाषणाविषयी थोडके बोलत. एका हातात काठी आणि दुसरा हात कुणाच्या तरी खांद्यावर, असे ते कसे चालत आले, हेच फिरून फिरून सांगत. वडिलांना स्वतःला साखर निघाल्यावर या आठवणीचा सूर बदलला.

वडील १९५७ मध्ये भंडारा जिल्ह्यातून गवंडीकामासाठी भिलाईला आले. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. मधल्या काळात शेतांच्या जागी कारखाना आणि कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि भंडारा ही दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होती, त्यामुळे आमच्या माणसांना हा परमुलुख वाटला नाही. खुर्सीपार कारखान्याच्या कुंपणापाशी. तिथल्या एका दरवाज्याला आजही खुर्सीपार गेट म्हणतात. छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, भोजपुरी आणि आमची झाडीपट्टीची मराठी या सर्वांतून तिथली बोली झाली. वडिलांना पुढे कायम नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाले, दोन्ही वेळ भात मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या उपासमार पाहिलेल्या घरात भात मुबलक होणे हीच प्रगती होती, आणि तीच ताटातून अपथ्य होऊन पुढे आली.

१९६८ मध्ये त्यांना मधुमेह निघाला. घरात स्टोव्हवर परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण तापवून त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे काम माझ्या थोरल्या भावाकडे होते. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आम्ही भावंडे रंग ओळखायला शिकलो ते असे. विटकरी रंग आला की वडील कोणाशी बोलत नसत. तीन पाळ्यांच्या नोकरीत जेवणाच्या वेळा दर आठवड्याला बदलत. रात्रपाळी संपवून सकाळी आठला जेवणाऱ्या माणसाने उपाशीपोटीची साखर केव्हा मोजायची, हा प्रश्न पथ्याच्या छापील पत्रकात नव्हता. १९८४ मध्ये त्यांची दृष्टी गेली. १९८९ मध्ये मूत्रपिंडे निकामी होऊन ते वारले. मधल्या वर्षांत त्यांच्या बरोबरीचे तीन-चार जण पायाला जखम होऊन इस्पितळात गेले आणि पाय गमावून परत आले. वस्तीने त्यातून एक निष्कर्ष काढला, आणि उपलब्ध अनुभवावरून तो चुकीचाही म्हणता येत नव्हता: वीस वर्षे झाली की पाय जातो, आणि तो इस्पितळात जातो.

वडील गेल्यानंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये, त्या सत्तर वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर आले. अमेरिका आणि कॅनडा यांतील १४४१ स्वयंसेवक रोग्यांना दोन गटांत विभागून, सरासरी साडेसहा वर्षे त्यांचा माग ठेवला गेला होता. ज्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, आणि ज्यांच्या डोळ्यांत आधी बिघाड नव्हता, त्यांच्यात तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला; मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांच्या बाबतीतही मोठा लाभ दिसला. हे रोगी लहान वयात इन्सुलिनवर गेलेले होते. माझ्या वडिलांसारख्या प्रौढपणी आजार जडलेल्यांविषयीचे उत्तर ब्रिटनमधून १९९८ मध्ये मिळाले. १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या आणि ५१०२ रोग्यांचा समावेश असलेल्या त्या अभ्यासात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार चतुर्थांशाने कमी झाले, आणि रक्तदाब सांभाळण्याचा फायदा त्याहूनही मोठा दिसला. हे मोजमाप शक्य झाले ते तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये केलेल्या शोधामुळे: रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि तिच्या प्रमाणात मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. दवाखान्यात आज जिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, ती हीच तपासणी. १९६८, म्हणजे आमच्या घरात बेनेडिक्टची नळी आली तेच वर्ष.

याचा अर्थ भय निराधार ठरले असा नाही. धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. पण त्याचे स्वरूप बदलले. जे विधिलिखित वाटत होते ते अंशतः माणसाच्या हाती आले. प्रश्न असा, की ही वार्ता खुर्सीपारच्या कट्ट्यावर केव्हा पोचली? माझे उत्तर असे आहे, की ज्ञान पोचले तरी भय बदलले नाही. भय हे आधीच्या पिढीचे पाहिलेले असते. ते ज्ञानापेक्षा एक पिढी मागून चालते.

माझ्या भावाची हकीगत सांगितल्यावाचून हे स्पष्ट होणार नाही. तो कोक ओव्हनवर होता. १९९६ मध्ये त्याला साखर निघाली. गोळ्या घेई, तपासण्या करी, साखर फारशी वाईट नव्हती. २००९ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीहून येऊन त्याने बूट काढला, तेव्हा मोजा तळव्याला चिकटलेला होता. बुटात लोखंडाचा एक लहान कीस शिरला होता आणि आठ तास तो त्यावर चालला होता. त्याला काहीच कळले नव्हते. त्याने कोणालाही सांगितले नाही. हळद आणि तेल लावून, वर दुहेरी मोजा घालून तो तीन आठवडे कामावर गेला. वहिनीला वासावरून समजले. पायाची दोन बोटे आणि तळव्याचा पुढचा भाग काढावा लागला. ‘आधी का नाही सांगितलंस, दादा?’ असे मी विचारले. ‘सांगितलं असतं तर पाय काढला असता,’ तो म्हणाला. त्याला रोग ठाऊक होता, तीन महिन्यांची साखर ठाऊक होती. पण त्याच्या मनात जो पाय होता तो १९८० च्या दशकातल्या शेजाऱ्याचा होता. ज्या भयाने त्याला डॉक्टरकडे न्यायला हवे होते, त्यानेच तीन आठवडे त्याला डॉक्टरपासून दूर ठेवले.

आता त्या अनवाणी पायांकडे आणि चरकाच्या शेजारी अध्यायांकडे परत येतो. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडतात, त्याचे मांसच ‘वाईट’ असते, अशी समजूत शतकानुशतके होती. ‘महारोग’ या मराठी शब्दात ती सगळी भीती साठलेली आहे, आणि १९४९ च्या महारोगी सेवा समितीपासून बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ आनंदवन उभे केले ते या शब्दालाच सामोरे जाऊन. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. त्यांनी दाखविले, की मांस वाईट नसते. वेदना गेलेली असते. वेदना नसलेला माणूस खिळ्यावर चालतो, तापलेले भांडे धरतो, एकाच जागी भार देत राहतो, आणि जखमा त्याला झिजवितात. भार काढून घेतला, पायाला प्लास्टरचा साचा घातला, योग्य पादत्राण दिले, तर तीच जखम इतरांच्या जखमेसारखी भरते. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तिथे हेच तत्त्व मधुमेहींच्या बधिर पायांना लागू पडते हे पुढे आले. आज मधुमेहीच्या तळव्याला नायलॉनचा जो बारीक, दहा ग्रॅम दाबाने वाकणारा तंतू टेकवून संवेदना तपासतात, तोही कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून या दवाखान्यांत स्थिरावला. ज्या रोगाने भारतीय मनात सर्वाधिक घृणा निर्माण केली, त्याच्या रोग्यांकडून मिळालेले हे ऋण आपल्या मधुमेहविषयक लिखाणात मला फारसे मान्य केलेले दिसत नाही.

आमच्या भागाला याचा लाभ नागपूरवरून मिळाला. डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पाय हा आपल्या कामाचा एक मुख्य विषय केला, आणि हॉलंडचे कारेल बाकर व टांझानियाचे झुल्फिकारअली अब्बास यांच्यासमवेत २००० नंतरच्या दशकात डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पायाची निगा शिकविण्याचा उपक्रम भारतात व टांझानियात चालविला. या कामाला यंत्रे फारशी लागत नाहीत. नायलॉनचा तंतू, कंपनकाटा, नखे कापण्याची पद्धत, बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकण्याची सवय. शेवटची सवय माझ्या भावाला असती, तर लोखंडाचा तो कीस खाली पडला असता. सुश्रुताने आपल्या काळच्या रोग्याला अनवाणी चालायला सांगितले, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण नवरात्रात भिलाईवरून डोंगरगढच्या बमलेश्वरीला पायी जाणाऱ्या गर्दीत अनवाणी पावले दिसली, की त्यांतल्या कितींना रस्त्याचा चटका कळत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या पिढीचे चित्र थोडक्यात सांगतो, कारण ते इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास चालविला. वजनाने कमी जन्मणारे आपले मूल चरबीने कमी नसते, हे त्यातून पुढे आले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपापली छायाचित्रे शेजारी छापली होती: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ मजुराला श्रीमंतांचा रोग कसा होतो, या खुर्सीपारच्या जुन्या कोड्याचे एक उत्तर त्यात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींचा आकडा दहा कोटींवर नेला.

या आकड्यात एक विभागणी लपते, आणि भिलाईत ती एकाच गल्लीत दिसते. कायम नोकरीतल्या कामगाराला कारखान्याचे रुग्णालय आहे. त्याचा पाय, डोळा, मूत्रपिंड यांची तपासणी होऊ शकते. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, त्याच भट्टीवर ठेकेदाराकडे राबणाऱ्या माणसाला एका दिवसाच्या तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. माझ्या वडिलांच्या काळी भय सगळ्यांचे सारखे होते, कारण ज्ञान कोणालाच नव्हते. आता ज्ञान आहे आणि भयाची वाटणी नोकरीप्रमाणे झाली आहे. कट्ट्यावर ‘कितने साल?’ हा प्रश्न ठेक्यावरच्या माणसाला कोणी विचारीत नाही. त्याची तपासणीच झालेली नसते.

मला स्वतःला २००७ मध्ये साखर निघाली. मी पुस्तके वाचतो, आकडे समजतात, डोळ्यांचा पडदा दरवर्षी दाखवितो. आणि तरीही अहवालाचे पाकीट उघडताना मला स्टोव्हवरची ती नळी दिसते आणि रंग विटकरीकडे वळत असल्याचा भास होतो. वडिलांचे भय असे मुलाकडे येते. साखरेबरोबर तेही वारशात असते.

खुर्सीपारला गेलो की दादा मला चहाच्या आधी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवितो. स्वतः समोर स्टुलावर बसतो, आपला अर्धा पाय नीट बाजूला ठेवतो आणि माझा पाय मांडीवर घेतो. बोटांच्या बेचक्यांत पाहतो, तळवा उजेडाकडे वळवितो, अंगठ्याने दाबत जातो. कळते का, असे विचारीत नाही. माझे डोळे मिटायला सांगतो आणि कुठे दाबले ते मला सांगायला लावतो. गेल्या खेपेला बराच वेळ टाचेपाशी थांबला. मी विचारले, काय आहे. ‘भेग पडलीय,’ तो म्हणाला, ‘रात्री तेल लावून झोप. आणि ही चप्पल बदल, पट्टा घासतोय.’